हृदयविकाराच्या झटक्यानंतर मनाची विचारपूस कोण करणार?

द्राक्षवेल

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे वय ६१ आहे. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि चाळीस वर्षांत त्यांनी एकही छाटणी दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेली नव्हती. पहाटे छातीत आवळून आले, दरदरून घाम सुटला, डावा हात जड पडला. शेजाऱ्यांच्या गाडीने आम्ही दोन तासांच्या आत शहरातल्या रुग्णालयात पोहोचलो, लगेच अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकला गेला आणि पाचव्या दिवशी बाबांना घरी आणले. शरीरापुरते पाहिले तर सगळे वेळेवर आणि नीट झाले, आणि त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे.

हा धागा काढण्याचे कारण त्यानंतरचे दोन महिने आहेत. घरी सोडताना जो कागद मिळाला त्यावर सात प्रकारच्या गोळ्यांच्या वेळा होत्या, मीठ आणि तेल किती खायचे ते होते, तंबाखू कायमची बंद करण्याची सूचना होती, रोज किती मिनिटे चालायचे आणि किती वजन उचलायचे नाही हेही लिहिले होते. मनाबद्दल मात्र एकही ओळ नव्हती, आणि आम्हा घरच्यांनाही ती नसल्याचे जाणवले नाही.

बाबा सोप्यातल्या खाटेवर बसून राहू लागले. बागेत जाऊ नका, उन्हात जाऊ नका, गडी माणसांशी बोलून त्रास करून घेऊ नका, असे आम्ही सगळ्यांनीच त्यांना सांगितले होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी वाद घातला, दुसऱ्या आठवड्यात वाद घालणे सोडले आणि तिसऱ्या आठवड्यापासून ते बोलेनासेच झाले. अन्नावरची वासना उडाली, पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा झोप लागत नसे, भेटायला आलेल्या माणसाकडे ते नुसते पाहत राहत. आम्ही त्याला अशक्तपणा म्हणत होतो. आत्या एकदाच म्हणाली, ‘‘दादाने हाय खाल्ली आहे.’’ तेव्हा तिचे बोलणे आम्ही मनावर घेतले नाही. आज वाटते, की घरात सगळ्यांत अचूक निदान तिनेच केले होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आईने गादी उन्हात टाकण्यासाठी उचलली, तेव्हा खाली कागदाच्या पुडीत गोळ्या सापडल्या. मोजल्यावर कळले, की अकरा दिवस बाबांनी एकही गोळी घेतली नव्हती. त्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या होत्या. स्टेंट टाकल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत या गोळ्या अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, हे आम्हाला बजावून सांगितलेले होते आणि बाबांनाही ते ठाऊक होते. मी विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘बागेला माझा उपयोग उरला नाही. मग हा देह राखायचा कोणासाठी?’’

त्याच दिवशी त्यांना तालुक्याच्या गावी एका फिजिशियनकडे नेले. त्यांनी नाडी, रक्तदाब, ईसीजी पाहिला आणि मग खुर्ची जवळ ओढून बाबांना नऊ प्रश्न विचारले. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जगणे नकोसे वाटते का, या प्रश्नाला बाबांनी ‘‘कधी कधी’’ असे उत्तर दिले. मी तिथेच बसलो होतो. २७ पैकी १७ गुण झाले. डॉक्टरांनी सांगितले, की हे नैराश्य आहे, ते झटक्यानंतर पुष्कळांना येते, आणि त्यावरचे उपचार हे हृदयाच्या उपचारांचाच भाग समजायचे.

नंतर जे केले ते थोडक्यात लिहितो. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून एक औषध सुरू झाले, दर पंधरा दिवसांनी समुपदेशन सुरू झाले, गोळ्या आईच्या हातून देण्याचे ठरले. आणि डॉक्टरांनी आम्हाला एक प्रश्न विचारला, ज्याने मला खाली पाहायला लावले : ‘‘यांना बागेत जायला बंदी कोणी केली? मी तर केलेली नाही.’’ फवारणी आणि ओझे टाळायचे होते, पण बांधावर बसायला काहीच हरकत नव्हती. त्या वर्षी आमची फळछाटणी आठ दिवस लांबली होती. बाबांसाठी बांधावर खुर्ची टाकली आणि कोणत्या काडीवर किती डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, ठेवायचे ते त्यांनी तिथून सांगितले. तीन दिवस ते फारसे बोलले नाहीत. चौथ्या दिवशी छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावणाऱ्या मुलाला त्यांनी चांगले फैलावर घेतले, आणि तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. जानेवारीत तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारले तेव्हा गुण ६ होते.

मला इथल्या जाणत्या मंडळींना विचारायचे आहे, की मन आणि हृदय यांचा हा संबंध नेमका कसा आहे, आणि स्टेंट टाकून घरी सोडताना मनाची चौकशी करण्याची पद्धत आपल्याकडे का नाही? ज्यांच्या घरी असे घडले असेल त्यांनीही लिहावे.

स्पंदन

मी नाशिक जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करतो. आपण गोळ्यांची पुडी सापडल्याचे लिहिले आहे, तिथूनच सुरुवात करतो, कारण मन हृदयापर्यंत पोहोचते त्या दोन वाटांपैकी ही एक आहे. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, तंबाखूकडे परत वळतो, तपासणीची तारीख टाळतो. त्याला समजत नसते असे नाही. उद्यासाठी काही करावे ही इच्छाच आजाराने हिरावलेली असते.

दुसरी वाट शरीराच्या आतून जाते. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके चढी राहतात, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब वाढतो, साखर वाढते, प्लेटलेट्स या रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी एकमेकींना लवकर चिकटू लागतात. नैराश्यात शरीरातल्या दाहाची चिन्हे वाढलेली आढळतात आणि हृदयाच्या ठोक्यांत एरवी जो निरोगी चढउतार असतो तो कमी होतो. ज्या रोहिणीच्या आतला थर आधीच खराब झालेला आहे तिला यातली प्रत्येक गोष्ट घातक असते.

कॅनडातील माँट्रियल इथे झटका येऊन दाखल झालेल्या २२२ रुग्णांचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना रुग्णालयात असतानाच नैराश्य होते त्यांचा पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका, हृदय किती निकामी झाले आहे हे हिशेबात घेऊनही, इतरांच्या सुमारे चौपट निघाला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा आकडा दुपटीच्या आसपास आला, पण संबंध टिकून राहिला. झटका आलेल्या साधारण पाच रुग्णांपैकी एकाला तीव्र नैराश्य असते. २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशा रुग्णांमधील नैराश्य हा पुढील प्रकृती बिघडवणारा धोक्याचा घटक मानावा, अशी शिफारस केली.

झटका येण्याआधीची गोष्टही तशीच आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिला झटका आलेले सुमारे १५ हजार लोक आणि तितकेच निरोगी लोक यांची तुलना केली होती. भारतही त्यात होता. झटक्याची बहुतांश जोखीम ज्या नऊ घटकांनी समजावता आली त्यांत धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या रांगेत मानसिक-सामाजिक ताणही होता. आपण रुग्णाला ‘‘सिगारेट ओढता का?’’ असे न चुकता विचारतो. ‘‘घरी कसे चालले आहे?’’ हे विचारत नाही. मीही पहिली दहा वर्षे विचारत नव्हतो.

माळरान

आपला धागा वाचून माझ्या थोरल्या चुलत्यांची आठवण झाली. त्यांचीही बायपासनंतर अशीच अवस्था होती आणि आम्ही तिला ‘‘वयोमान’’ म्हणत राहिलो. ते आता नाहीत. अधिक लिहवत नाही, पण हा विषय काढलात याबद्दल आपले आभार.

पायवाट

आत्याबाईंचा ‘‘हाय खाल्ली’’ हा शब्द मनात राहिला. आमच्या गावी एका आजोबांचे निधन झाले आणि दहाव्याच्या आत आजीही गेल्या, तेव्हा सगळ्यांनी हेच म्हटले होते. डॉक्टर, धसक्याने खरोखर हृदय बंद पडू शकते का?

स्पंदन

आजींच्या बाबतीत काय झाले ते मला सांगता येणार नाही, परंतु धसक्याने हृदयाचा स्नायू काही काळ लुळा पडतो, हे वैद्यकशास्त्राने नोंदवलेले आहे. जपानमधील डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याला ‘ताकोत्सुबो’ असे नाव दिले. ऑक्टोपस पकडण्यासाठी तिकडे एक मडके वापरतात, अरुंद गळ्याचे आणि फुगीर बुडाचे, आणि अशा रुग्णाच्या हृदयाचा डावा कप्पा तपासणीत तसाच दिसतो. जवळच्या माणसाचा मृत्यू, भूकंप, अचानक आलेली वाईट बातमी अशा प्रसंगानंतर छातीत दुखू लागते, ईसीजी झटक्यासारखा दिसतो, पण अँजिओग्राफीत तो प्रकार समजावणारा अडथळा सापडत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हे अधिक आढळते. बहुतेक रुग्णांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते, काहींचा मात्र सुरुवातीच्या काळात मृत्यू होऊ शकतो. म्हणून दुःखाच्या घरात कोणाच्या छातीत दुखले तर ‘‘रडून रडून झाले असेल’’ असे म्हणून घरी थांबू नये.

कसोटी

मला या चर्चेत एक गंभीर शंका मांडायची आहे आणि ती विरोधासाठी विरोध म्हणून नाही. ज्याचे हृदय अधिक खराब आहे त्याला थकवा अधिक येणार, झोप कमी लागणार, भूक मंदावणार, आणि ही सगळी लक्षणे नैराश्याच्या प्रश्नावलीतही आहेत. मग नैराश्यामुळे हृदय बिघडते, की बिघडलेले हृदय नैराश्यासारखे दिसते? नैराश्यावर उपचार केल्याने मृत्यू कमी झाले असतील, तरच पहिले विधान सिद्ध होते.

दुसरी गोष्ट अधिक वैयक्तिक आहे. माझ्या बहिणीला कर्करोग झाला तेव्हा ‘‘मन खंबीर ठेव, सकारात्मक विचार कर, सगळे मनावर आहे’’ असे सांगणाऱ्यांची रीघ लागली होती. आजार वाढला तेव्हा तिला वाटू लागले, की आपणच कुठे तरी कमी पडलो. शेवटच्या महिन्यांत ती वेदनांपेक्षा त्या अपराधी भावनेने अधिक थकली. मनाचे महत्त्व सांगताना आपण आजारी माणसाच्या माथी त्याच्याच आजाराचा दोष मारतो, ही मला या विषयातली सगळ्यांत मोठी हानी वाटते.

स्पंदन

आपल्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते, आणि दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. खंबीर राहण्याचा उपदेश हा उपचार नव्हे. ज्याचा पाय मोडला आहे त्याला आपण ‘‘मनाने चाल’’ असे सांगत नाही.

पहिल्या मुद्द्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे. अमेरिकेत झटका आलेल्या २,४८१ रुग्णांवर झालेली एनरिच्ड नावाची मोठी चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत वापरल्याने रुग्णांचे नैराश्य काही प्रमाणात कमी झाले, एकटेपणा कमी झाला, परंतु मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत फरक पडला नाही. त्याआधी, २००२ साली, सर्ट्रालिन हे औषध झटक्यानंतरच्या नैराश्यात हृदयाच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचे ३६९ रुग्णांच्या चाचणीतून दिसले होते, पण आयुष्य वाढते हे सिद्ध करण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती. तेव्हा ‘‘मन बरे केले की दुसरा झटका टळतो’’ असे ठामपणे सांगणारा डॉक्टर पुराव्याच्या पुढे जातो आहे.

पण आयुष्याची लांबी हे एकच माप का धरावे? आपल्याकडे २४ रुग्णालयांत झटक्यानंतरच्या सुमारे ४,००० रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची एक चाचणी झाली आणि २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही मृत्यू आणि झटके यांत निर्णायक फरक दिसला नाही, परंतु योगाच्या गटातले रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले आणि स्वतःची प्रकृती त्यांना अधिक बरी वाटली. धागाकर्त्यांच्या वडिलांनी बांधावरून पेस्ट लावणाऱ्या मुलाला फैलावर घेतले, ते याच रकान्यात मोडते.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली आणखी एक भारतीय चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते. चार मधुमेह केंद्रांत, ज्यांना मधुमेहासोबत नैराश्यही आहे आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात नाही, अशा ४०४ रुग्णांची निवड केली होती. एका गटावर नेहमीचे उपचार झाले. दुसऱ्या गटातल्या रुग्णांची एक प्रशिक्षित सहायक नियमित विचारपूस करत असे, आणि मधुमेहतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ त्या नोंदी एकत्र बसून पाहत असत. दोन वर्षांनी नैराश्यही उतरले आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काही तरी सुधारले, असे रुग्ण दुसऱ्या गटात अधिक होते. मन आणि शरीर यांचे उपचार एकाच छताखाली आणि एकाच कागदावर आणले की दोन्हींचा फायदा होतो, एवढे त्यातून मी घेतो. नैराश्य हा स्वतःच एक यातनामय आजार आहे. तो बरा करण्यासाठी हृदयाचे निमित्त तरी कशाला हवे?

कसोटी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. पुरावा जिथे थांबतो तिथे आपण थांबलात, म्हणून पुढचे पटले.

उंबरठा

मी नागपूरला राहते. माझ्या सासूबाईंना सात वर्षे स्मृतिभ्रंश होता आणि त्यांचे सगळे मीच करत होते. या धाग्यात रुग्णाच्या मनाबद्दल बोलणे झाले, त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाबद्दल मला लिहायचे आहे.

चौथ्या वर्षी विळीवर माझे बोट कापले. साधी जखम होती, पण ती भरायला महिन्याच्या वर लागले. मधुमेह असेल म्हणून तपासले, तो नव्हता. पुढे एका व्याख्यानात अमेरिकेतला एक प्रयोग ऐकला, जो १९९५ साली प्रसिद्ध झाला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, वयाने व परिस्थितीने तुल्य अशा तेरा स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी लहान जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. व्याख्यान संपल्यावर मी सभागृहात बसून राहिले. माझ्या बोटाचे कारण हेच होते असे मी म्हणत नाही, परंतु माझा थकवा खरा आहे, तो कातडीपर्यंत पोहोचू शकतो, हे कोणी तरी मोजून पाहिले होते, याचाच मला आधार वाटला.

त्या सात वर्षांत घरी येणारा प्रत्येक पाहुणा सासूबाईंची चौकशी करत असे. माझी चौकशी आमच्या दूधवाल्या काकांनी एकदा केली होती, ‘‘वहिनी, तुम्ही जेवता ना वेळेवर?’’ त्यांनी विचारलेले मला आजही आठवते.

धागाकर्त्यांना विनंती आहे, की आपल्या आईंनाही ते नऊ प्रश्न विचारा. बाबांच्या गोळ्या त्यांच्या हाती सोपवल्या आहेत म्हणजे पहाटे तीनला त्याही जाग्या असणार.

द्राक्षवेल

उंबरठाताई, आपला प्रतिसाद वाचून मी काल रात्री आईजवळ बसलो. प्रश्नांचा कागद काढला नाही, नुसते विचारले. ती म्हणाली, की गोळ्या सापडल्या तेव्हापासून बाबांचा श्वास चालू आहे ना हे पाहायला ती रात्रीतून दोन-तीनदा उठते. वर्ष होत आले, आणि शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या मला याचा पत्ता नव्हता. पुढच्या भेटीला तिलाही डॉक्टरांकडे नेणार आहे.

मांडवीकाठ

मी गोव्यात आरोग्य क्षेत्रात समुपदेशनाचे काम करते. आमच्याकडे येणारी माणसे ‘‘मला नैराश्य आले आहे’’ असे कधीच सांगत नाहीत. अंग दुखते, डोके जड आहे, झोप येत नाही, हातापायांत जोर नाही, असे सांगतात. पन्नाशीच्या पुढचे पुरुष तर ‘‘उदास’’ हा शब्दच वापरत नाहीत. त्यांना ‘‘टेन्शन आहे का?’’ असे विचारले तर मात्र बोलू लागतात. म्हणून प्रश्नावली छापील असली तरी विचारताना समोरच्याची भाषा वापरावी लागते.

‘‘इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?’’ ही अडचण नेहमी सांगितली जाते आणि ती खरी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहापैकी एकाहून अधिक प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. पण गोव्यातल्या संगाथ या संस्थेने या अडचणीवर दाखवलेली वाट मला मोलाची वाटते. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सरकारी आरोग्य केंद्रांत आलेल्या रुग्णांना याचा स्पष्ट लाभ झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी अर्ध्यांना अशाच समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या, आणि तीन महिन्यांनी त्यांची स्थिती नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा चांगली होती.

त्या भेटींत जे करतात ते ऐकायला फार साधे आहे. उदास माणूस आवडीची कामे सोडतो, कामे सोडल्याने अधिक उदास होतो, आणि हे चक्र फिरत राहते. मन आपोआप उल्हसित होईल याची वाट न पाहता, आधी एक छोटे, त्या माणसाला महत्त्वाचे वाटणारे काम पुन्हा सुरू करायचे, मग दुसरे, आणि रोज त्याची नोंद ठेवायची. आपल्या वडिलांची बांधावरची खुर्ची हे त्याचे इतके नेमके उदाहरण आहे, की आपली परवानगी असेल तर नव्या समुपदेशकांना शिकवताना मी ते सांगेन.

सह्यकडा

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि तीन वर्षांपूर्वी इथेच मला स्टेंट बसवला. इथे झटक्यानंतर पुनर्वसनाचा कार्यक्रम असतो. पहिल्या दिवशी वजन आणि रक्तदाबासोबत चौदा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, त्यात सात प्रश्न चिंतेचे आणि सात नैराश्याचे होते, आणि कार्यक्रम संपताना तोच कागद पुन्हा भरून घेतला. माझे नैराश्याचे गुण ठीक होते, चिंतेचे मात्र पुष्कळ अधिक निघाले. छातीत जरा चमक आली की मी रुग्णवाहिका बोलवत असे आणि जिना चढणे टाळत असे. चिंता हा विषय या धाग्यात फारसा आला नाही म्हणून लिहितो. मला उपयोग झाला तो गटात व्यायाम करण्याचा. नर्स शेजारी उभी असताना धाप लागेपर्यंत सायकल चालवली आणि काही झाले नाही, तेव्हा कुठे स्वतःच्या हृदयावरचा विश्वास परत आला. कोणीही कितीही समजावून तो आला नसता.

पायवाट

डॉक्टर, माझे वडील मेटोप्रोलॉल घेतात. त्या गोळीने उदासी येते असे ऐकले आहे. ती बंद करून पाहावी का?

स्पंदन

कृपया स्वतःहून बंद करू नका. ती अचानक थांबवल्याने नाडी आणि रक्तदाब एकदम उसळून हृदयाला धोका होऊ शकतो. बीटा-ब्लॉकर या तिच्या गटातल्या औषधांनी नैराश्य येते, हा समज फार जुना आहे, परंतु २००२ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा नैराश्यात लक्षणीय वाढ दिसली नाही. थकवा मात्र थोड्या रुग्णांना येतो आणि घरच्यांना तो उदासीसारखा वाटू शकतो. वडिलांना सोबत नेऊन डॉक्टरांना नेमके काय दिसते ते सांगा.

याच ओघात आणखी एक सूचना करतो. झटक्यानंतर मनासाठी औषध सुरू करायचे असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. जुन्या पद्धतीची काही नैराश्यविरोधी औषधे अशा हृदयाला चालत नाहीत, आणि नव्या औषधांपैकी काहींनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढते. डॉक्टर त्यानुसार निवड करतात, पण त्यासाठी त्यांना सगळी यादी ठाऊक असावी लागते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो हे हृदयरोगतज्ज्ञापासून लपवणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

माळरान

ज्यांना तालुक्यात कोणी सापडत नाही त्यांच्यासाठी : केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, कोणत्याही वेळी, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येते. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक आहे. माझ्या चुलत्यांच्या वेळी मला यातले काही माहीत असते तर बरे झाले असते.

उंबरठा

डॉक्टरांनी विचारलेल्या नऊ प्रश्नांपैकी निदान पहिले दोन इथे मराठीत लिहाल का? घरी विचारताना शब्द सापडत नाहीत.

द्राक्षवेल

मांडवीकाठताई, बाबांना विचारले. त्यांची परवानगी आहे, गावाचे नाव घेऊ नका एवढेच ते म्हणाले.

उंबरठाताई, कागदाच्या आधारे लिहितो. गेल्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती वेळा झाला? पहिला : काहीही करण्यात रस किंवा आनंद न वाटणे. दुसरा : उदास, खिन्न किंवा हताश वाटणे. अजिबात नाही असेल तर शून्य, काही दिवस असेल तर एक, निम्म्याहून अधिक दिवस असेल तर दोन, जवळजवळ रोज असेल तर तीन. दोन्हींची बेरीज तीन किंवा अधिक झाली तर उरलेले सात प्रश्न डॉक्टरांकडून विचारून घ्यावेत, असे आम्हाला सांगितले होते. आणि जगणे नकोसे झाल्याचे कोणी कोणत्याही शब्दांत बोलले, तर बेरीज करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आईला विचारताना मी हे शब्द वापरले नाहीत. ‘‘दोन आठवड्यांत तुला कशात मन रमावंसं वाटलं?’’ असे विचारले. ती बराच वेळ आठवत राहिली.